वाविलोववरचे दिवस, आणि आता पुन्हा जायचं तर कुठल्या जहाजाने?

दक्षिणवारा | शनिवार, रात्री ११:४०

आमच्या घरात दहा वर्षं एक खटला चालू आहे. जानेवारी २०१६ मध्ये निवृत्तीच्या पैशातून मी एकटाच अंटार्क्टिकाला जाऊन आलो. सौ.ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसवलं तरी उरणच्या पुढे बोट लागायची, म्हणून "तूच जा बाबा" असं ती स्वतः म्हणाली होती. हे वाक्य आता रेकॉर्डवरून काढून टाकण्यात आलं आहे. लेकीने पैशाची सोय केली, दोघांनी जायचं ठरलं, आणि अडलंय ते जहाजावर.

मी गेलो होतो त्या जहाजाचं नाव 'आकादमिक सेर्गेई वाविलोव'. ११७ मीटर लांब, १९८८ साली फिनलंडमधल्या राउमा गावी बांधलेलं. त्याचं जुळं भावंड 'आकादमिक इओफे' १९८९ चं. सोव्हिएत लोक तेव्हा फिनलंडला तेल द्यायचे आणि मोबदल्यात जहाजं घ्यायचे. ही दोन्ही बांधली शास्त्रज्ञांसाठी, पाण्याखालून आवाज कसा आणि किती लांब जातो ते मोजायला. (शीतयुद्धात हे मोजमाप कोणाला हवं होतं ते वेगळं सांगत नाही. पाणबुडी म्हटलं की पुरे.) दुसऱ्याचा आवाज ऐकायचा तर आपण गप्प राहायला हवं, म्हणून यंत्रांची कुरकुर पाण्यात कमीत कमी जावी अशी बांधणी. मग १९९१ ला सोव्हिएत संघच उरला नाही. संस्थांकडे जहाजं होती, डिझेलला पैसे नव्हते. प्रयोगशाळा होत्या तिथे लेक्चर हॉल आणि वाचनालय झालं, शास्त्रज्ञांच्या केबिनमध्ये आमच्यासारखे पेन्शनर आले. खलाशी रशियनच राहिले.

जहाज दिसायला कसं, तर मुंबई सेंट्रलचं सरकारी विश्रामगृह समुद्रात सोडलंय असं. स्वच्छ, दणकट, कुठेही नखरा नाही. डायनिंग हॉलमधल्या खुर्च्यांना खालून साखळ्या. टेबलाला कड, म्हणजे ताट घसरलं तरी मांडीत येणार नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, कधीही जायची मुभा, फक्त आवाज करायचा नाही. मी दिवसातले चार-पाच तास तिथेच. स्क्रीनवर सगळं दिसत असूनही सेकंड मेट कागदी नकाशावर पेन्सिलीने फुली मारायचा, आणि पेन्सिल परत कानावर.

एका रात्री (रात्र म्हणजे घड्याळात, उजेड होताच) पॅराडाइज बे मध्ये जहाज नुसतं तरंगत ठेवलं होतं. डेकवर आम्ही सातआठ जण. हंपबॅक देवमासा आधी ऐकू आला, मग दिसला. प्रेशर कुकरची शिट्टी उचलून वाफ सोडली की येतो ना, तसा आवाज, फक्त खोल छातीतून. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. कोणी फोटो काढले नाहीत असं म्हणणार नाही, सगळ्यांनी काढले. पण नंतर सगळे गप्प उभे राहिले.

दुसरी आठवण लेमेर चॅनेलची. ११ किलोमीटरची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना कडे, तिकडचा सगळ्यात जास्त फोटो निघणारा भाग. आम्ही तोंडाशी पोचलो तर आत वाऱ्याने बर्फ कोंबलेला. कॅप्टनने दुर्बिणीतून दहा मिनिटं बघितलं आणि जहाज वळवलं. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "पण हे तर आइस-स्ट्रेंग्थन्ड आहे ना? ब्रोशरमध्ये लिहिलंय!" मलाही मनातून तेच वाटत होतं, फक्त मी बोललो नाही.

तर आता. तसली जुनी रशियन जहाजं २०२२ नंतर या बाजारातून जवळपास गेलीच. आज जी मिळतात त्यांना बाल्कनी, स्पा, काचेचा लिफ्ट. मला ती बघूनच कसंतरी होतं. दर्दी मंडळींनी सांगावं: नव्यांत काय बघून निवडायचं? तो 'आइस क्लास' नावाचा आकडा काय असतो? आणि बोट लागणाऱ्या माणसाला ड्रेक पॅसेज झेपेल का? दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नपासून अंटार्क्टिकाकडच्या बेटांपर्यंतचा समुद्र, साधारण ८०० किलोमीटर, दोन दिवस जायला, दोन यायला.

---

टवाळखोर | शनिवार, रात्री ११:५८

काका, भायखळ्याला उतरा, राणीच्या बागेत जा, पेंग्विन बघा, बाहेर येऊन उसाचा रस प्या. बोट लागत नाही, फार तर लोकल लागते.

---

दक्षिणवारा | रविवार, सकाळी ७:१०

टवाळखोर, ते हम्बोल्ट पेंग्विन. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फाशी त्यांचा संबंध नाही. आणि काचेमागे असल्यामुळे तुम्हाला मुख्य गोष्ट कळलेली नाही, ती म्हणजे वास. तिकडच्या जेन्टू पेंग्विनांच्या वसाहतीचा वास अर्धा किलोमीटर आधी येतो. मे महिन्यातली ससून डॉक आठवा आणि त्यात कोंबड्यांचं खुराडं मिसळा.

---

मीनल_पार्ले | रविवार, सकाळी ९:२५

मस्त लिहिलंय, वाचनखूण साठवली. मला दोन बायकांच्या चौकशा. शाकाहारी जेवणाचं काय? आणि एकटीने गेलं तर केबिन अनोळखी बाईबरोबर वाटून मिळते का?

---

दक्षिणवारा | रविवार, सकाळी ९:५०

मिळते, आणि पैसे बरेच वाचतात. माझ्या केबिनमध्ये एक डच शाळामास्तर होते, घोरायचे, पण ड्रेकमध्ये काही ऐकू येत नाही. जेवण आधी लिहून कळवलं तर शाकाहारी व्यवस्थित. सूप, ब्रेड, भात, भाज्या. तिखटाची आशा सोडा. मी दाण्याच्या चटणीचा डबा नेला होता, तो चौथ्या दिवशी सार्वजनिक झाला. पण एक लक्षात ठेवा: खाण्याचं काहीही जमिनीवर न्यायचं नाही, खिशात शेंगदाणा सुद्धा नाही. उतरायच्या आधी जॅकेटचे खिसे आणि वेल्क्रो व्हॅक्यूम करतात, बूट जंतुनाशकात बुडवतात. आपल्याकडच्या गवताचं एक कुसळ तिकडे रुजायला नको म्हणून.

---

इंजिनरूम | रविवार, दुपारी ३:३०

धागा उशिरा पाहिला. मी चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त, चेंबूर. ध्रुवीय क्रूझवर नव्हतो, पण बाल्टिकमध्ये आइस क्लासच्या टँकरवर दोन हिवाळे काढलेत, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

दक्षिणवारा, तुमच्या त्या तावातावाच्या गृहस्थांचा गैरसमज सार्वत्रिक आहे. आइसब्रेकर आणि आइस-स्ट्रेंग्थन्ड या दोन वेगळ्या जाती. आइसब्रेकरची नाळ, म्हणजे पुढचं टोक, चमच्यासारखी उतरती असते. तो बर्फावर चढतो आणि आपल्या वजनाने तो मोडतो. त्यासाठी आकाराच्या मानाने प्रचंड ताकदीची इंजिनं लागतात. आइस-स्ट्रेंग्थन्ड जहाज बर्फ मोडायला निघालेलं नसतं. बर्फाने येऊन धक्का दिला तर त्याने सहन करावं एवढंच अपेक्षित. अंगात चिलखत घातलं म्हणून कोणी आपण होऊन मारामारी उकरत नाही, तसंच.

हे चिलखत म्हणजे काय, तर पाण्याच्या रेषेच्या वरखाली जाड पत्र्याचा पट्टा, ज्याला आम्ही आइस बेल्ट म्हणतो. त्याच्या आत फ्रेम, म्हणजे जहाजाच्या फासळ्या, नेहमीपेक्षा जवळजवळ. पोलाद वेगळ्या ग्रेडचं, कारण साधं पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं. प्रोपेलर आणि सुकाणू जास्त मजबूत, कारण बर्फाचा तुकडा पोटाखालून घरंगळत शेवटी तिथेच पोचतो.

पण ब्रोशर जे कधीच सांगत नाही ते असं: बर्फात जहाजाला धोका नुसता पत्रा फाटण्याचा नसतो, इंजिन तापण्याचाही असतो. इंजिन थंड ठेवायला आम्ही समुद्राचं पाणी आत घेतो, तळाजवळच्या सी चेस्ट नावाच्या कप्प्यातून. बर्फाचा चुरा त्यात शिरला की गाळणी बर्फाच्या गोळ्यासारखी गच्च. पाणी बंद, तापमान वर. बाहेर उणे अठरा, आणि आत आम्ही "इंजिन गरम होतंय" म्हणून धावतोय! उपाय साधा आहे. इंजिनातून गरम होऊन बाहेर पडणारं पाणी परत त्या कप्प्यात सोडायचं, चुरा वितळतो. त्यासाठी पाइपलाइन मुळात आखलेली हवी. आइस क्लास म्हणजे अशा शंभर गोष्टी, नुसता पत्रा नव्हे.

आकड्यांचं असं. बाल्टिकसाठी फिनिश-स्वीडिश पद्धत: १ए सुपर, १ए, १बी, १सी. ध्रुवांसाठी पोलर क्लास: पीसी १ ते पीसी ७. आकडा लहान तितकं जहाज मजबूत. नव्या एक्सपेडिशन जहाजांपैकी बरीच पीसी ६, म्हणजे उन्हाळ्यात, त्या हंगामात गोठलेल्या मध्यम जाडीच्या बर्फात. 'ल कोमांदाँ शार्को' हे फ्रेंच जहाज पीसी २, ते उत्तर ध्रुवापर्यंत जातं, पण त्याचं तिकीट बघण्याआधी बीपीची गोळी घ्या. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उन्हाळी सफरीला पीसी ६ भरपूर झालं.

आणि आता थोडं कडू. जुन्या जहाजांच्या प्रेमात पडू नका. मी तीस वर्षं जुन्या यंत्रांबरोबर संसार केलाय. पॅकिंग गळतं, पंप रुसतो, सुटा भाग मिळत नाही. १ जानेवारी २०१७ पासून पोलर कोड लागू आहे: बचावाला किमान पाच दिवस लागतील असं धरून जीव राखायची साधनं ठेवायची, होड्या बंदिस्त, कर्मचाऱ्यांना बर्फातल्या नौकानयनाचं प्रशिक्षण. तुम्हाला काचेचा लिफ्ट खुपतो, मला त्या लिफ्टखालचं नवं इंजिन दिसतं.

---

दक्षिणवारा | रविवार, दुपारी ४:०५

साहेब, दंडवत. पण "जुन्यांच्या प्रेमात पडू नका" याला माझी हरकत नोंदवून घ्या. तुम्ही खाली होतात, मी ब्रिजवर होतो.

---

इंजिनरूम | रविवार, दुपारी ४:२०

ब्रिजवाले नेहमी असंच बोलतात.

---

कोकणहापूस | रविवार, रात्री ८:४५

अवांतर: मी कृषी पदवीधर. 'वाविलोव' वाचून दचकलो. पिकांची उगमकेंद्रं शोधणारे निकोलाय वाविलोव आम्हाला अभ्यासाला होते. ते स्तालिनच्या तुरुंगात १९४३ ला वारले. सेर्गेई हे त्यांचे धाकटे भाऊ, पदार्थवैज्ञानिक, आणि थोरला तुरुंगात मेल्यावर दोन वर्षांनी हे सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. काय वाटलं असेल त्या माणसाला? अवांतराबद्दल क्षमस्व.

---

दक्षिणवारा | रविवार, रात्री ९:१५

हे मला माहीतच नव्हतं. अकरा दिवस त्या नावाखाली झोपलो.

---

अवलोकिता | सोमवार, सकाळी ११:००

सगळं रम्य आहे, पण कोणीतरी नावडतं बोलायला हवं. अलीकडच्या हंगामांत अंटार्क्टिकाला जाणाऱ्या पर्यटकांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. मुंबईहून अर्जेंटिनातल्या उश्वायापर्यंतची विमानं, मग जहाजाचा धूर, सगळं कशासाठी, तर वितळणारा बर्फ वितळायच्या आत बघून घ्यावा म्हणून? आपल्याकडे कांदळवनं तुटतात तेव्हा या उत्साहाच्या निम्म्याने लोक जमत नाहीत. जाऊ नका म्हणत नाही, पण "शास्त्रीय जहाज होतं" या पुण्याईवर ही सफर पवित्र होत नाही.

---

दक्षिणवारा | सोमवार, दुपारी १:३०

ताई, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. थातुरमातुर देतो ते ऐका. जड इंधन तेलाला तिथे ऑगस्ट २०११ पासून बंदी आहे. १९९१ मध्ये सात सफर कंपन्यांनी स्थापलेल्या आयएएटीओ या संघटनेचे नियम सदस्य बऱ्यापैकी पाळतात: एका जागी एका वेळी १०० हून जास्त माणसं जमिनीवर नाहीत, ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणाला उतरवायचंच नाही, पेंग्विनपासून पाच मीटर लांब. पण विमानाच्या धुराचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे.

---

इंजिनरूम | सोमवार, दुपारी २:१०

त्या शंभराच्या नियमातच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे बघा. ९० प्रवाशांचं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात. २०० चं असेल तर दोन पाळ्या. ४०० चं असेल तर अर्धा दिवस तुम्ही त्या बाल्कनीत बसून दुसऱ्यांना पेंग्विन बघताना बघणार. तेव्हा आधी डोकी मोजा, मग आइस क्लास विचारा, स्पा शेवटी.

---

हिमकण | सोमवार, रात्री १०:२०

मी पूर्वी एका उन्हाळी मोहिमेत 'मैत्री' या अंटार्क्टिकातल्या भारतीय ठाण्यावर जाऊन आलोय, कामासाठी. भाड्याच्या बर्फजहाजांशी आपलं नातं जुनं आहे हे इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपली पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली. २१ माणसं. जहाज 'पोलर सर्कल', नॉर्वेकडून भाड्याने घेतलेलं. ९ जानेवारी १९८२ ला ते उतरले. दोन वर्षांनी, १९८३-८४ च्या मोहिमेत, सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या अदिती पंत या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया तिथे पोचल्या. त्याच मोहिमेपासून दक्षिण गंगोत्री, मैत्री, भारती अशी तीन ठाणी झाली, पण जहाज अजून भाड्याचंच. घर बांधलं, टांगा मात्र दरवेळी नाक्यावरून बोलवायचा. २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने स्वदेशी ध्रुवीय संशोधन जहाजासाठी नॉर्वेच्या कंपनीशी करार केलाय. ते पाण्यात उतरेल तेव्हा मी पेढे वाटीन.

बर्फात अडकणं काय असतं ते सांगतो. काहीच घडत नाही. वारा फिरेपर्यंत माणसं पत्ते खेळतात. २०१३ च्या डिसेंबरात 'आकादमिक शोकाल्स्की' कॉमनवेल्थ बेजवळ असंच अडकलं, वाविलोवपेक्षा बरंच लहान जहाज. मदतीला आलेला चिनी आइसब्रेकर 'श्वेलुंग' त्याच्यापर्यंत पोचू शकला नाही. २ जानेवारीला त्याच्या हेलिकॉप्टरने ५२ जणांना ऑस्ट्रेलियन जहाजावर नेऊन सोडलं, आणि मग श्वेलुंग स्वतःच अडकला! ७ जानेवारीला वारा फिरला, भेग पडली, दोन्ही आपापली सुटून निघाली.

---

मीनल_पार्ले | सोमवार, रात्री १०:४०

बाप रे. आणि बुडालंय का कधी कुठलं?

---

इंजिनरूम | मंगळवार, सकाळी ८:३०

बुडालंय. 'एक्सप्लोरर', १९६९ चं, खास अशा सफरींसाठी बांधलेलं पहिलंच जहाज, या सगळ्या धंद्याची आजी. २३ नोव्हेंबर २००७, साउथ शेटलंड बेटांजवळ, मध्यरात्री बर्फाला धडकलं. चौकशीत निघालं की कॅप्टनला वाटलं तो त्या वर्षीचा कोवळा बर्फ आहे, निघाला हिमनदीवरून आलेला जुना टणक बर्फ. दिसायला दोन्ही पांढरेच. समुद्राच्या ताज्या बर्फात खारं पाणी अडकलेलं असतं, तो मऊ. हिमनदीचा बर्फ दगड. १५४ च्या १५४ माणसं वाचली. काही तास उघड्या होड्यांत काढले, मग नॉर्वेच्या 'नूर्दनूर्गे' या प्रवासी जहाजाने उचललं.

तुमच्या वाविलोवचं भावंड इओफे ऑगस्ट २०१८ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये कुगारुकजवळ खडकावर चढलं होतं, आठवतं? तिथे तर बर्फाचा दोषच नव्हता. त्या भागाचं सर्वेक्षणच धड झालेलं नव्हतं. प्रवाशांना उतरवून घ्यायला धावून आलं ते वाविलोव.

---

दक्षिणवारा | मंगळवार, सकाळी ८:५५

आठवतं. त्या दिवशी मी ऑफिसात नसूनही कामात लक्ष लागलं नव्हतं.

---

तांडेल_वर्सोवा | मंगळवार, दुपारी १२:१५

वाचत होतो, आता लिहितो. आमचा धंदा मासेमारीचा, तिकडे काही गेलो नाही. पण रबरी होडीत चढतानाचे व्हिडिओ बघितले. दहा माणसं, मागे इंजिन, आणि चढवताना हात नाही धरत, मनगटाला मनगट धरतात. आम्ही पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. ओला हात सुटतो, मनगट सुटत नाही.

वहिनींच्या बोट लागण्याबद्दल: रेवसची लाँच आखूड आणि हलकी, धक्क्याबाहेर पडली की आडव्या लाटेला लोळते. वर डिझेलचा वास, माणसाचं पोट ढवळणारच. ११० मीटरचं जहाज असं फडफडत नाही, सावकाश झुलतं. कोणाला ते सोपं जातं, कोणाला जास्त लागतं. आधी करून बघायचं असेल तर पावसाळ्यात मांडव्याची रोरो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, घ्या, वाऱ्याचा दिवस बघून. उधाण असलं तर उत्तम.

---

मीनल_पार्ले | मंगळवार, दुपारी १२:४०

तांडेलदादा, हे भारी सांगितलंत. माझ्या आईला रोरोमध्ये अजिबात त्रास झाला नव्हता, लाँचमध्ये दरवेळी होतो.

---

इंजिनरूम | मंगळवार, दुपारी १:००

तांडेल म्हणतात ते बरोबर. भर घालतो: केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या. झोका टांगलेला असतो त्या टोकाशी दोरी कमी हलते ना, तसं. महागडी बाल्कनीची केबिन उंचावर, म्हणजे पैसे जास्त आणि झोकाही जास्त. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि लागायच्या आधी घ्यायची, लागल्यावर नव्हे. पोट रिकामं ठेवायचं नाही.

---

दक्षिणवारा | बुधवार, रात्री ९:३०

नमस्कार. हे लॉगिन यांचं असलं तरी लिहिते आहे मी, म्हणजे धाग्यात उल्लेखलेली सौ. यांनी मोबाईल उघडा ठेवून आंघोळीला जायची चूक केली.

पहिली दुरुस्ती: "तूच जा बाबा" हे मी म्हणाले होते, पण त्यांनी तीनदा विचारलं असतं तर चौथ्यांदा म्हणाले नसते. त्यांनी एकदाच विचारलं. दुसरी: दाण्याची चटणी मी केली होती.

धागा पूर्ण वाचला, दोनदा. मला स्पा नको, बाल्कनी नको. ९०-१०० माणसांचं, पीसी ६ चं जहाज बघायला लेकीला सांगितलं आहे. अवलोकिताताईंचं म्हणणं मनाला लागलं, त्यावर आमचं घरात बोलणं चालू आहे. शनिवारी मांडव्याला जातोय, हवामान खात्याने वारा सांगितलाय.

इंजिनरूम दादा, एकच विचारायचं होतं. खालच्या डेकवरच्या, मधल्या केबिनला खिडकी असते का? मला आत कोंडल्यासारखं होतं.

---

इंजिनरूम | बुधवार, रात्री १०:०५

वहिनी, असते. गोल, जाड काचेची, पितळी कडीची. पण ड्रेकमध्ये समुद्र चढला की स्टुअर्ड येऊन तिच्यावर आतून लोखंडी झाकण आवळून जातो. तेव्हा दोन दिवस अंधारच, दिवा लावून बसा. शेटलंड बेटांच्या आडोशाला पोचलात की तोच येऊन उघडतो. त्या वेळी जेवायला वर जाऊ नका, केबिनमध्येच थांबा.